आधी आत्याचे चार आणे मोजा

बोरिवलीहून एका वाचकाने विचारलं आहे. वडील दीड वर्षापूर्वी गेले. कणकवली तालुक्यात गावी जुनं घर, घराभोवती परसू, थोडी भातजमीन आणि हापूसची साठेक कलमं आहेत. आजोबा १९८३ मध्ये वारले, आजी १९९६ मध्ये. आजोबांना तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरले काका गावीच राहतात आणि सातबारावर त्यांचं एकट्याचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून आहे. आत्याचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात आहे. धाकटे काका म्हापशाला स्थायिक आहेत. वडिलांच्या कपाटात त्यांच्या हातचा एक कागद सापडला, 'माझ्या वाट्याचं सगळं मुलाला', खाली सही आणि एका शेजाऱ्याची साक्ष. काकांचं म्हणणं असं की चतुर्थीला सगळे येणारच आहेत, तेव्हा आत्या आणि तुमच्या दोन्ही बहिणी हक्कसोड करून देतील, मग आपण भावाभावांत बघू. आई ७६ वर्षांची आहे. आता काय करायचं?

मी २६ वर्षं सिंधुदुर्गात दिवाणी वकिली करते. यातलं प्रत्येक वाक्य मी माझ्या टेबलासमोर शेकडो वेळा ऐकलं आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे त्या 'ए.कु.मॅ.'ला घाबरू नका. एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे कर्ता माणूस गेला की तलाठी थोरल्या मुलाचं नाव लावायचे आणि बाकीच्यांची नावं फेरफाराच्या, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीच्या, पोटात राहायची. मुंबईच्या भावांना वाटायचं नाव लागलं आहे, बहिणींना वाटायचं आपलं नाव लागतच नसतं. त्या एका नोंदीने तुमचे काका मालक झाले नाहीत. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण नुसत्या नोंदीमुळे मालकी मिळत नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. नोंद मुख्यतः सारावसुलीसाठी असते, मालकी वारसाहक्काने किंवा दस्ताने येते.

तरीही नोंद दुरुस्त करायलाच हवी, आणि ती हक्कसोडीच्या आधी करायला हवी. तुमचे काका क्रम उलटा सांगताहेत. वाईट हेतूने सांगत असतील असं मी म्हणत नाही, गावात सगळीकडे असंच चालत आलं आहे. पण ज्याचं नाव कागदावर आलंच नाही त्याने हक्क सोडला म्हणजे नक्की काय सोडलं, हे पुढच्या पिढीला कळत नाही. मग वीस वर्षांनी कोणाचा तरी नातू माझ्यासारख्याकडे येतो आणि म्हणतो, आमच्या आजीने फक्त घर सोडलं होतं, कलमं नाही.

आता हिस्से मोजू. आपल्याकडे अजून आणे-पैच्या भाषेतच वाटण्या समजतात, तेव्हा मिळकत सोळा आणे धरा.

आजोबा १९८३ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मिळकत त्यांची स्वतःची असेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम ८ प्रमाणे आजी, तीन मुलगे आणि मुलगी असे पाच समान वारस झाले. मुलगी आहे, लग्न झालेलं आहे, म्हणून तिचा हिस्सा कमी, असं या कलमात १९५६ पासून कधीच नव्हतं. १९९६ मध्ये आजी गेली, तिचा पाचवा हिस्सा चार मुलांत समान आला. म्हणजे प्रत्येकाचे चार आणे. आत्याचेही चार आणे.

काका म्हणतील, मिळकत आजोबांची स्वतःची नव्हती, पणजोबांपासूनची एकत्र कुटुंबाची होती, त्यात मुलीचा काय संबंध? हा प्रश्न पूर्वी खरा होता. पण ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने खरोखर वाटप झालेलं असेल तरच ते टिकतं. तोंडी वाटप झालं होतं असं आता कोणी सांगितलं तर न्यायालय सहसा मानत नाही. तुमच्याकडे तसं काही झालेलं नाही. म्हणजे या वाटेने गेलात तरी आई-वडील दोघेही गेलेले, चार भावंडं, चार समान हिस्से. आत्याचे पुन्हा चार आणेच.

हे मी मुद्दाम दोन्ही वाटांनी मोजून दाखवलं. पक्षकार बरेचदा 'वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित' यावर तासभर भांडतात आणि शेवटी आकडा तोच निघतो. तुमच्या वडिलांच्या चार आण्यांचंही तसंच. त्यांच्यामागे आई, तुम्ही आणि दोन बहिणी, प्रत्येकी एक आणा. इथेही दोन्ही रीतींनी मांडून पाहिलं, उत्तर बदलत नाही.

म्हणजे तुमचा स्वतःचा हिस्सा सोळा आण्यांतला एक आणा. वाचून मन थोडं खट्टू झालं असेल. तुमच्या मनात बहुधा वडिलांचे पूर्ण चार आणे आणि त्यावर काकांशी वाटाघाट असं चित्र होतं.

वडिलांच्या त्या कागदाबद्दल आता सांगावं लागेल. तो मृत्युपत्र म्हणून टिकणार नाही. मृत्युपत्र साध्या वहीच्या पानावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, नोटरीचा शिक्का तर बिलकूल लागत नाही. पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ६३ ला दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्याने त्या दोघांसमोर सही करायची किंवा 'ही माझी सही आहे' असं त्यांना सांगायचं, आणि दोघांनीही त्याच्यासमोर सही करायची. एक साक्षीदार म्हणजे मृत्युपत्र नाहीच. माणसाने स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात, मनापासून लिहिलेलं असतं आणि शेजारच्या आणखी एका माणसाला बोलावलं नाही म्हणून सगळं वाया जातं. माझ्या कामात वाईट वाटायचे प्रसंग बरेच येतात, त्यातला हा वरचा. तो कागद जपून ठेवा, बहिणींना दाखवा, वडिलांची इच्छा म्हणून त्याला किंमत आहे. पण तलाठ्याकडे मृत्युपत्र म्हणून देऊ नका. आक्षेप आला तर अकारण तुमच्यावरच संशय येईल.

आता हक्कसोडीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग तोच आहे.

काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात तीन भाचे आपल्या आत्याला घेऊन माझ्याकडे आले. नावगाव सांगत नाही. पाऊस असा होता की पडवीत छत्र्या ठेवायला जागा नव्हती. हक्कसोडपत्र आधीच कुठून तरी टाइप करून आणलं होतं, मला फक्त ओळख द्यायची होती. आत्या ऐंशीच्या आसपासच्या. मी भाच्यांना चहाला पाठवलं आणि दार लावून त्यांना कागद वाचून दाखवायला लागले. त्या मान हलवत होत्या. 'सदर मिळकतीत माझा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही' या वाक्याला त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "म्हणजे मी आता थंयची कोणच नाय?" मी काही बोलू शकले नाही. मग त्याच म्हणाल्या, "जमीन घेवन मी खंय जातलंय? पण माझी खोली रवांदे."

त्यांना जमीन खरंच नको होती. त्यांना चतुर्थीला येऊन हक्काने पिशवी ठेवायला जागा हवी होती, आणि हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. भाचे चहा पिऊन आले, मी सांगितलं, तर थोरला भाचा डोळे पुसायला लागला. वाईट मुलं नव्हती ती. आम्ही तो कागद बाजूला ठेवला आणि नवा दस्त केला. पडवीलगतची खोली आत्यांना तहहयात वापरायला, परसातल्या दोन कलमांचं उत्पन्न त्यांचं, आणि बाकी हिस्सा त्यांनी खुशीने भावाच्या मुलांना सोडला. आत्या त्यानंतर चार वर्षं जगल्या. त्या कुटुंबात एकही दावा नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, आत्याची आणि बहिणींची सही चतुर्थीच्या गडबडीत घेऊ नका. सोवळं, नैवेद्य, पाहुणे, रेल्वेची परतीची तिकिटं, या सगळ्यात बाईमाणूस 'नको' म्हणूच शकत नाही. आणि अशा सहीवरच नंतर 'दबाव होता, वाचून दाखवलं नाही' म्हणून दावे होतात. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोड म्हणजे काहीच नाही. नात्यातल्या नात्यात, वडिलोपार्जित मिळकतीपुरता मुद्रांक आता ५०० रुपयांचा आहे, त्यामुळे पैसे वाचवायला नोंदणी टाळायचं काही कारण उरलेलं नाही. आणखी एक गोष्ट, जी बहिणींना सहसा कोणीच सांगत नाही. शेतजमिनीतला सगळा हिस्सा सोडला आणि सातबारावर दुसरीकडे कुठे नाव नसेल, तर शेतकरी असल्याचा पुरावा जातो. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. उद्या तुमच्या बहिणीला कुठे पाच गुंठे घ्यावेसे वाटले तर अडेल. एखादा गुंठा नावावर ठेवला तर हा प्रश्नच येत नाही.

बहीण हिस्सा मागते म्हणजे माहेर तोडते, असं अजून बोललं जातं. मला हे ऐकवत नाही. २००५ पर्यंत हिंदू उत्तराधिकार अधिनियमात कलम २३ होतं, भावांनी मनावर घेतल्याशिवाय राहत्या घराची वाटणी मुलीला मागताच येत नव्हती. ते कलम गेलं, पण गावातल्या मनांतून अजून गेलेलं नाही.

काकांची बाजूही ऐकायला हवी. चाळीस वर्षं त्यांनी ते घर उभं ठेवलं आहे. कोकणातलं बंद घर तीन पावसाळ्यांत कसं होतं हे तुम्हाला माहीत आहे. कौलं सरकतात, वाळवी चढते, माकडं येतात. घरपट्टी, सारा, कलमांना खत, फवारणी, राखण, सगळं त्यांनी बघितलं. वहिवाट आमची म्हणून मालकी आमची, असं ते म्हणाले तर कायद्याने ते चालणार नाही, कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीनेच धरला जातो. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा त्यांच्या नावावर असला तरी तो कराचा कागद आहे. पण म्हणून त्यांच्या चाळीस वर्षांची किंमत शून्य नाही. वाटपात घराचा जो भाग ते वापरतात तो आणि त्याला लागून असलेलं परसू त्यांच्याकडे जाऊ द्या. कलमं मोजताना त्यांनी स्वतः लावलेली वेगळी मोजा. हा न्याय कोर्ट करू शकत नाही, तुम्ही घरात बसून करू शकता.

कामाचा क्रम असा ठेवा. तहसील कार्यालयातून १९८३ नंतरचा तो वारस फेरफार आणि त्याआधीचे जुने सातबारे काढा. 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. तिथे 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असं असेल तर आजोबांना ती जमीन कूळ म्हणून त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली मिळालेली आहे. अशा जमिनीच्या विक्रीला आणि बक्षिसाला अटी आहेत, आणि ती मृत्युपत्राने परक्याला देऊ नये. मग वडिलांचा मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्या. सोबत ए.कु.मॅ. शेरा कमी करून आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, लावण्याचा अर्ज द्या. आत्याचं नाव 'इतर हक्क'मधून वर यायला हवं. नोटिसा निघतील, हरकतीला मुदत असेल, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. हे झालं की सगळ्यांच्या संमतीने जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप होतं, किंवा नोंदणीकृत वाटपपत्र करता येतं.

कोर्टाचा रस्ताही आहे, पण तो लांबचा. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, मग शेतजमीन प्रत्यक्ष वाटायला प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मोजणी होते, पोटहिस्से पडतात. मधे कोणी वारला की त्याचे वारस लावायचे. दुसरं अपील आता मुंबईऐवजी कोल्हापूरला चालतं, ऑगस्ट २०२५ पासून तिथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, एवढाच काय तो दिलासा. दावा लावणारे आणि निकाल बघणारे वेगळे असतात, असं मी प्रत्येक पक्षकाराला आधीच सांगते.

म्हापशाच्या काकांचं मात्र वेगळं बघावं लागेल. ते गोव्याचे कायम रहिवासी झाले असतील तर त्यांना तिथला पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू होऊ शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीच्या वारसालाही तोच कायदा लागतो. तिथे पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे एकत्र धरली जाते. म्हणून त्यांच्या दस्तावर काकूंचीही सही घ्या आणि गोव्यातल्या वकिलाचा एकदा सल्ला घ्या.

दलालांबद्दल थोडक्यात. तुमच्या गावाला रस्ता लागून असेल तर कोणीतरी एका हिस्सेदाराला गाठून त्याचा न वाटलेला हिस्सा विकत मागेलच. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे मृताच्या पहिल्या वर्गाच्या, म्हणजे पत्नी, मुलं, आई अशा जवळच्या वारसांपैकी कोणी हिस्सा विकत असेल तर इतर वारसांना आधी घेण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो शेतजमिनीलाही लागू धरला. आणि राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरात येऊन राहता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ आड येतं. हे दोन्ही बहिणींना आणि काकांना सांगून ठेवा. तसंच कोणी 'कुलमुखत्यारपत्र द्या, मी सगळं बघतो' म्हणालं तर विक्रीचा अधिकार त्यात लिहू नका. शिवाय देणारा वारला की ते कुलमुखत्यारपत्र संपतं. मेलेल्या माणसाच्या मुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार मी पाहिले आहेत, ते निस्तरताना दोन कुटुंबं बुडाली.

आणि आई. तुमच्या पूर्ण प्रश्नात आईबद्दल फक्त तिचं वय लिहिलं आहे.

वारसनोंद, वाटप, मोजणी या सगळ्याला वर्ष-दोन वर्षं जातील. आईचा एक आणा, तिचं सोनं, बँकेतली ठेव, वडिलांमागे तिला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर त्याची शिल्लक, हे सगळं तिचं आहे. बँकेत तुमचं नॉमिनेशन असलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे हातात घेतो आणि वारसांना देणं लागतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. तेव्हा आईला विचारा, तिला काय करायचं आहे. तुम्ही बाहेर थांबा, तिला वकिलाशी एकटीला बोलू द्या. मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार त्यांनी साक्षीदार होऊ नये. साक्षीदार तिच्याहून वयाने लहान आणि जवळपास राहणारे घ्या, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागतं. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्या. अजून वाटप झालेलं नाही, तरी तिला स्वतःच्या अविभक्त हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं. नोंदणी सक्तीची नसली तरी करा. सिंधुदुर्गातल्या मिळकतीसाठी इथे केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागत नाही, त्यामुळे नोंदणीकृत दस्त हातात असला की तलाठी कार्यालयात काम सोपं होतं.

तिला जिने चढवत नसतील तर दुय्यम निबंधकांना गृहभेटीचा अर्ज देता येतो, ते घरी येऊन नोंदणी करतात. अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि तिचं आधार लागेल. हा अर्ज याच महिन्यात द्या, आणि गावी जायच्या आधी एका रविवारी दोन्ही बहिणींना घरी बोलावून वर मोजलेले आणे-पै त्यांच्यासमोर कागदावर मांडा.